बाबांच्या लाल तबकडीचं प्लास्टिक

ती. ताई,

तुमच्या धाकट्या भावजयीचा नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? डॉक्टरांनी दिलेला व्यायामाचा कागद नुसताच भिंतीला चिकटवून ठेवला नसेल अशी आशा आहे. (माझा पाठीच्या व्यायामाचा कागद चिकटवून बरेच दिवस झाले. येता-जाता त्याच्याकडे बघितलं की पाठीला थोडं बरं वाटतं.) इकडे सगळं ठीक. तुमचा भाऊ ठीक आहे, म्हणजे विचारलं की "ठीक" म्हणतो आणि परत मोबाइलमध्ये जातो. बाबांची तब्येत अतिशय उत्तम आहे. ती इतकी उत्तम कशी झाली, हाच या पत्राचा विषय आहे. फोनवर सांगितलं असतं, पण बाबांनी उभी हयात मुख्याध्यापक म्हणून वर्गाच्या बंद दाराबाहेर उभं राहून आतलं ऐकण्यात घालवली आहे. आमच्या घराची दारं त्या मानाने फारच पातळ आहेत.

आधी थोडं मागचं सांगते, कारण तुम्ही लांब असता आणि बाबा तुम्हाला फोनवर फक्त हवामान सांगतात. आई गेल्या त्या वर्षी दाताच्या डॉक्टरांनी बाबांना जवळजवळ ओढत पार्कात नेलं, ते तुम्हाला आठवत असेल. तिथे खांबांना लोखंडी टोपल्या आहेत, वरून साखळ्या लोंबतात, आणि लांबून प्लास्टिकची चपटी तबकडी भिरकावून कमीत कमी फेकींत ती टोपलीत घालायची असते. खेळाला डिस्क गोल्फ म्हणतात. बाबा नुसतं "तबकडी" म्हणतात आणि दर रविवारी सकाळी टोपी घालून निघतात. त्या टोपीमुळे बाबा त्या वर्षातून बाहेर आले असं माझं मत आहे. (टोपीमुळे, डॉक्टरांमुळे की तबकडीमुळे, याचा मी डायरीत बराच खल केला. निर्णय झाला नाही.)

त्यांची लाडकी तबकडी म्हणजे ती लाल. कडक, चकचकीत, महागातल्या प्लास्टिकची. त्या प्लास्टिकचा गुण असा की झाडावर आपटा, दगडावर आपटा, वर्षानुवर्षं तिला काही होत नाही. आणि उजव्या हाताने कितीही दणकून फेका, शेवटी ती हट्टाने डावीकडेच वळते आणि खाली बसते. बाबा म्हणायचे, शाळेत असे दोन शिक्षक असते तर शाळा सुधारली असती. अवगुण एवढाच की थंडीत ती काचेच्या बशीसारखी गुळगुळीत होते आणि धरायला अंगठ्यात जोर लागतो. या थंडीत बाबांच्या अंगठ्यातला जोर गेला. एका रविवारी तबकडी हातातून निसटून डॉक्टरांच्या थर्मासवर बसली, दुसऱ्या खेपेला बाबांच्या स्वतःच्याच बुटावर. घरी आल्यावर त्यांनी टोपी खुंटीला लावली आणि म्हणाले, "माझा हात गेला. सगळ्या तबकड्या डॉक्टरांना देऊन टाक." एवढं बोलून जेवायला बसले.

आता माझ्या हेतूबद्दल. तो शुद्ध होता असं मला लिहायचं होतं, तसं दोनदा लिहिलंही, आणि दोनदा खोडलं. बाबांचा खेळ सुटला याचं मला वाईट वाटलं, हे खरं. पण रविवारी बाबा घरी राहायला लागले, हेही तितकंच खरं. पहिल्या रविवारी त्यांनी सोसायटीची नोटीस सोडवून आणली, लाल पेनाने शुद्धलेखन तपासलं आणि दहापैकी चार गुण देऊन परत लावली. (चेअरमन अजून माझ्याशी बोलत नाहीत. नोटीस त्यांनी लिहिली होती, तपासली बाबांनी, आणि अबोला माझ्याशी.) दुसऱ्या रविवारी त्यांनी माझ्या स्वयंपाकघरातले डबे वर्णानुक्रमे लावले. पद्धत चोख होती, फक्त त्यात साखर आणि साबणाची पावडर शेजारी-शेजारी आली. त्यातून झालेला चहा तुमच्या भावाने मोबाइलमध्ये बघत अर्धा संपवला आणि म्हणाला, "आज फेस छान आलाय." तेव्हा ताई, मी जे केलं ते बाबांच्या सुखासाठी केलं की माझ्या रविवारसाठी, हे तुम्हीच ठरवा. मी ठरवायला बसले की पारडं सारखं हलत राहतं.

सरळ मार्ग मी आधी करून पाहिला. मऊ प्लास्टिकच्या तबकड्या मिळतात, त्या बोटांना चिकटून राहतात, धरायला जोर लागत नाही, असं डॉक्टरांकडून कळल्यावर मी जेवताना सहज विषय काढला. बाबा म्हणाले, "काठी मागितलीय का मी?" डॉक्टरांनी स्वतःची मऊ तबकडी आणून दिली, तर ती त्यांनी दोन बोटांत धरून परत केली. म्हणाले, "दात येणाऱ्या मुलांना द्या, चघळायला बरी आहे."

मग मी वाकडा मार्ग धरला. माझी नोकरी तुम्हाला माहीत आहे. वजनमापे निरीक्षक. दुकानदाराने वजनाच्या तळातलं शिसं काढलं, पारड्याखाली चुंबक लावलं, जुन्या वजनावर नवा छाप मारला, तर ते पकडणं माझं काम. त्या कामाचा मला जरा अभिमानही आहे. (जरा नव्हे. बराच.) तर ही अभिमानी बाई एका शनिवारी डिस्कच्या दुकानात गेली आणि म्हणाली, अगदी अशीच दाखवा, फक्त खोटी.

दुकानदार केसांची पोनी बांधणारा, फार समजूतदार माणूस निघाला. त्याने मला डोळे मिटायला लावले आणि एकेक तबकडी हातात दिली. भर दुकानात डोळे मिटून उभं राहायला मला लाज वाटली, पण एकदा मिटल्यावर गंमत वाटायला लागली. सगळ्या एकाच साच्यातल्या, तरी एकही दुसरीसारखी नाही. एक काचेच्या झाकणासारखी, टिचकी मारली तर वाजणारी. एक मेणबत्तीसारखी, थोडी तेलकट. एक नव्या चपलेच्या तळव्यासारखी, धरली की कुरकुरणारी. आणि शेवटची खोडरबरासारखी, वाकवली तर वाकणारी, सोडली तर हळूच सरळ होणारी. ती हातात आल्यावर बोटांना काही करावंच लागेना. मी म्हटलं, हीच, लाल रंगात. तो बिचारा मागे लागून सांगत होता की मॅडम, मऊ प्लास्टिक लवकर झिजतं, आणि झिजलं की तबकडीचा स्वभाव बदलतो, कडा घासली गेली की ती उजवीकडे लोळायला लागते, तेव्हा जरा जपून वापरा. मी हो हो म्हणत होते. माझं सगळं लक्ष जुना लाल आणि नवा लाल तंतोतंत जुळतो का याकडे होतं.

सोमवारी दोन्ही तबकड्या ऑफिसात नेल्या आणि शिक्का मारलेल्या सरकारी काट्यावर तोलल्या. ग्रॅमचाही फरक नाही. बनावट मालाचं वजन इतकं अचूक मी माझ्या नोकरीत पाहिलेलं नाही. शिपाई डोकावून म्हणाला, "मॅडम, ह्या ताटल्या कुणाकडच्या जप्त केल्या?" मी म्हटलं, "घरच्या." तो आदराने मागे सरला. बाईंनी घरच्यांनाही सोडलं नाही, असं आता ऑफिसभर झालं आहे. माझ्या सचोटीची कीर्ती माझ्या लबाडीमुळे वाढली. (हे वाक्य डायरीत लिहिल्यावर मी वही मिटली आणि दोन दिवस उघडली नाही.)

आता नवी तबकडी जुनी दिसायला हवी होती. जुनीच्या कडेला वर्षांचे ओरखडे. मग मी गच्चीवर गेले आणि कठड्याच्या खरखरीत सिमेंटवर नव्या तबकडीची कडा घासायला बसले. जुनी समोर ठेवली, जिथे तिच्यावर ओरखडा तिथे हिच्यावर ओरखडा. काम मन लावून केलं. वरच्या मजल्यावरच्या काकू कपडे वाळत घालता घालता बराच वेळ बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "अगं, एवढी घासतेस तर नवीच का नाही घेत?" मी म्हटलं, "नवीच आहे, काकू." त्या चिमटे घेऊन खाली निघून गेल्या.

राहिलं होतं नाव. या खेळातली पद्धत अशी की तबकडीच्या पोटावर मार्करने आपलं नाव आणि फोन नंबर लिहायचा, म्हणजे झुडपात हरवली तर सापडणारा कळवतो. आणि सगळे खरंच कळवतात, हे ऐकून माझा माणसांवरचा विश्वास थोडा वाढला होता. मी बाबांच्या अक्षरात बाबांचं नाव आणि नंबर लिहिला. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडांवर आधी भरपूर सराव केला. बाबांचं अक्षर तुम्हाला माहीत आहे, वेलांट्या अशा की वाऱ्यावर उडाल्यासारख्या. प्रगतिपुस्तकावर मुलांनी केलेल्या बापांच्या खोट्या सह्या त्यांनी जन्मभर पकडल्या. तुम्हाला आणि तुमच्या भावाला ते सांगायचे ना, "बापाची सही बापापेक्षा सुबक असली की समजायचं, पोराने केलीय." हे मला तबकडीवर लिहिताना आठवलं असतं तर बरं झालं असतं. ते मला हे पत्र लिहिताना आठवतंय.

तर पुढच्या रविवारी डॉक्टर आले आणि बाबा "नुसता तुमच्या तबकड्या उचलायला येतो" या अटीवर तयार झाले. खरी लाल तबकडी मी पाहुण्यांच्या गाद्यांखाली लपवली होती आणि खोटी बाबांच्या तबकड्यांच्या बॅगेत होती, जी मी देऊन टाकली नव्हती आणि आज डॉक्टरांनी खांद्याला अडकवली. मला चालण्याचा व्यायाम अचानक आवश्यक वाटायला लागला, म्हणून मीही बरोबर गेले. तिसऱ्या टोपलीपाशी डॉक्टरांनी बॅगेतून लाल काढून बाबांच्या हातात दिली. "एकच. माझ्यासाठी." बाबांनी ती धरली. खिशातल्या फडक्याने पुसली, वरून पुसली, खालून पुसली. जरा थांबले. मग त्यांनी फेकली.

ताई, निसटली नाही. हातातून अशी सुटली की डॉक्टरांच्या तोंडातून "अरे!" निघालं. आणि मग ती हळूहळू उजवीकडे कलली, कलली, आणि पार उजवीकडच्या कुंपणात जाऊन रुतली. तेव्हा मला पोनीवाला दुकानदार आठवला. कडा घासली की लोळते. मी ती गच्चीवर बसून माझ्या हातांनी घासली होती, तीही मन लावून. मी म्हटलं संपलं, आता बाबा टोपीसकट सगळं देऊन टाकणार.

पण या खेळात तबकडी उजवीकडे उलटण्याचं आणखी एक कारण असतं, ते मला ठाऊक नव्हतं. अंगात जोर असला, फेक भलतीच वेगवान झाली, तर हट्टी तबकडीसुद्धा उजवीकडे उलटते. तरण्याताठ्या माणसांच्या उलटतात. डॉक्टर धावत आले. "उलटवलीत! ती लाल उलटवलीत तुम्ही!" बाबा स्वतःच्या हाताकडे बघत राहिले, दुसऱ्याचाच हात आणून लावल्यासारखे. मग म्हणाले, "उलटली खरी." आणि पुढच्या टोपलीकडे निघाले, आमच्या दोघांच्या पुढे.

तेव्हापासून घरात बाबांच्या ताकदीचा उत्सव चालू आहे. रविवारी पार्क, इतर दिवशी पायऱ्या चढणं. लिफ्टकडे ते दयेने बघतात. घट्ट बरणी दिसली की "आण इकडे" म्हणतात, आणि अंगठ्यात जोर नाही हे मला माहीत असल्यामुळे मी घरातली प्रत्येक बरणी आधीच सैल करून ठेवते. बरण्या, नळ, खिडक्यांच्या कड्या. परवा लोणी काढायला गेले तर झाकण माझ्याच हातात आलं आणि बरणी फरशीवर. एका तबकडीपासून सुरू झालेली लबाडी आता स्वयंपाकघरभर पसरली आहे. दुकानदारांना मी हेच समजावते की एक वजन खोटं ठेवलं की बाकीची त्याच्याशी जुळवत बसावं लागतं. ते मान डोलवतात. आता मीही डोलवते.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. पण पुढच्या महिन्यात पार्कात ज्येष्ठांची स्पर्धा आहे, आणि बाबांनी नाव दिलं आहे. त्यांचं म्हणणं असं की आता हात परत आला आहे, तर या जोराला ही तबकडी पुरत नाही, ती उलटते. तेव्हा हिच्यापेक्षा कडक, बाजारातलं सगळ्यात कडक प्लास्टिक हवं. म्हणजे मी मऊ दिली म्हणून हात आला, आणि हात आला म्हणून ते कडक मागणार. कडक तबकडी थंडीत त्या अंगठ्यात राहायची नाही. सगळ्या पार्कासमोर ती बुटावर पडेल. टोपी पुन्हा खुंटीला लागेल, आणि या वेळेला मला ती काढून देता येणार नाही. मी तुमच्या भावाला विचारलं, काय करू? तो म्हणाला, "तू फार विचार करतेस." थोड्या वेळाने मोबाइल बाजूला ठेवून म्हणाला, "पण बाबा हल्ली गुणगुणतात, ऐकलंस का?" मी ऐकलं होतं. म्हणून तर झोप लागत नाही.

त्यात काल बाबा म्हणाले, स्पर्धेत गुण लिहायला एक निःपक्षपाती माणूस लागतो, मी तुझं नाव सुचवलं आहे. "आपल्या घरात जिला लबाडी जमत नाही अशी तूच." मी पेल्यातल्या पाण्याकडे बघत हो म्हटलं. पेल्यात पाणी नव्हतं.

बाकी क्षेमकुशल. गुडघ्याला जपा. तुमच्याकडच्या सगळ्यांना नमस्कार आणि लहानांना जे द्यायचं ते द्या. राग आला असेल तर सवडीने कळवा, माझी तयारी आहे.

तुमची,
भावजय

ता. क. पत्राचं खरं कारण वर लिहायचं धैर्य झालं नाही, ते इथे लिहिते. तुमच्या शहरात मोठं दुकान आहे, म्हणून बाबा तुम्हाला फोन करून येताना सगळ्यात कडक प्लास्टिकची लाल तबकडी आणायला सांगणार आहेत. तुम्ही हो म्हणा, आणि मऊ आणा. साचा तोच, लाल तोच. वजनाची काळजी करू नका, ते मी बघते. आणि कृपा करून कडा घासू नका.

ता. क. २. पत्र पाकिटात घालायचं राहिलं ते बरंच झालं. आज सरावात लाल तबकडी उजव्या कुंपणापलीकडे रोपवाटिकेत गेली आणि मिळाली नाही. बाबा घरी आले, "गेली" म्हणाले, हात धुतले. मी गाद्यांखालची खरी काढून द्यावी का, अशा विचारात आहे. दिली तर ती निसटणार, नाही दिली तर मी चोर. तुमचं मत कळवा. उत्तर यायच्या आत काहीतरी होईलच म्हणा.

ता. क. ३. झालं. आत्ता रोपवाटिकेतल्या माळीबुवांचा मला फोन आला. "बाई, तुमची लाल ताटली आमच्या कुंड्यांत सापडली." मी म्हटलं, माझा नंबर कुठून मिळाला? म्हणाले, "मागे लिहिलाय की. दोन आहेत. पहिला कोणी उचलेना म्हणून दुसऱ्याला लावला." मी जाऊन घेऊन आले. पोटावर वर माझं सुबक अक्षर, बाबांचं नाव, बाबांचा नंबर. त्याखाली बारीक काळ्या शाईत, वाऱ्यावर उडणाऱ्या वेलांट्यांत: "सापडल्यास सुनेला कळवावे." पुढे माझा नंबर. आणि कडेला शेरा: "अक्षर सुंदर. मूळ इतके चांगले नाही." शाई पुसट झाली आहे ताई, फडक्याने पुसून पुसून. कालपरवाची नाही. पहिल्या एकदोन रविवारांतलीच असणार.

मी दारात उभी राहिले. बाबा खुर्चीत, पायांवर टोपी. म्हणाले, "सापडली?" मी म्हटलं, सापडली. "वजन करून घे हो. तीच आहे ना, खात्री असलेली बरी." एवढं बोलून वर्तमानपत्र वर घेतलं. मग त्याच्या आडून म्हणाले, "आणि ताईला सांग, कडक नको. हिची सवय झालीय."

म्हणजे ताई, बरण्यांचंही त्यांना माहीत आहे की काय, हे मी विचारलं नाही. मी आत जाऊन सगळी झाकणं नेहमीसारखी सैल करून ठेवली.

ता. क. ४. मऊच आणा, दोन आणा, त्या लवकर झिजतात. पोटावर मात्र काही लिहू नका. ते त्यांचं त्यांनाच लिहू दे.